कारखान्याच्या आवारातील बालकथा

मराठी बालसाहित्याचा इतिहास बहुधा दोन वाटांनी सांगितला जातो. पहिली वाट शाळेची आहे. तंजावरच्या सरफोजी राजांच्या आश्रयाने सख्खण पंडितांनी १८०६ साली इसापच्या कथांचा 'बालबोध मुक्तावली' हा मराठी अनुवाद केला, १८२८ साली मुंबईत सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांचा 'बाळमित्र' निघाला आणि पुढे सरकारी वाचनमालांनी तीच परंपरा घरोघर पोहोचवली. दुसरी वाट मासिकांची आहे. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली 'बालबोध' सुरू केले, वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली पुण्यात 'आनंद' काढले, आणि मुलांनी पाठ्यपुस्तकाबाहेर, केवळ आनंदासाठीही वाचावे हा विचार या मासिकांमुळे मध्यमवर्गीय घरांत रुजला. या दोन्ही वाटा खऱ्या असल्या तरी त्यांच्या वर्णनात एक ठिकाण सहसा सुटते आणि ते म्हणजे कारखाना. मुलांसाठी लिहिणारी माणसे कोठे एकत्र आली, त्यांना पहिले वाचक कोठे भेटले आणि पुस्तके कोणाकडून मिळाली हे प्रश्न विचारले, की उत्तर शोधताना किर्लोस्करवाडी, खडकी आणि पिंपरी या उद्योगांच्या गावांशी थांबावे लागते.

मुलांसाठी लिहिणाऱ्याची कल्पनाशक्ती ही एकट्याची, आपल्या खोलीत बसून फुलणारी गोष्ट आहे असा एक समज आहे. मराठीतील उदाहरणे पाहता तो टिकत नाही. बालकथेला लेखकाआधी श्रोता लागतो, मजकूर मागणारा संपादक लागतो, पुस्तक उसने देणारा मित्र लागतो आणि एका भाषेतली गोष्ट दुसऱ्या भाषेत नेणारा सहृदय वाचकही लागतो. वेगवेगळ्या प्रांतांतील शिकलेल्या तरुणांना एका आवारात आणून बसवण्याचे काम विसाव्या शतकात कारखान्यांनी फार मोठ्या प्रमाणावर केले, आणि त्यामुळे अशा मैत्रीला जागा मिळाली.

याचा पहिला ठळक दाखला पिंपरीच्या कितीतरी आधीचा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरू केलेला उद्योग १९१० साली औंध संस्थानाच्या अधिपतींनी दिलेल्या माळरानावर, कुंडल रोड स्थानकाजवळ, हलवला आणि तेथे लोखंडी नांगरांच्या कारखान्याभोवती किर्लोस्करवाडी हे गाव उभे राहिले. या कारखान्याने १९२० साली 'किर्लोस्कर खबर' नावाचे पत्र काढले. आज अशा पत्राला गृहपत्रिका म्हणतात. कारखान्याच्या मालाची, कामगारांची आणि ग्राहकांची बातमी देणे हा तिचा मूळ हेतू असतो. परंतु संपादक शंकर वासुदेव किर्लोस्कर हे स्वतः चित्रकलेचे शिक्षण घेतलेले, व्यंगचित्रे काढणारे आणि समाजसुधारणेची तळमळ असलेले गृहस्थ असल्यामुळे, नांगराची जाहिरात करणाऱ्या पत्राचे थोड्याच वर्षांत सर्व महाराष्ट्रात वाचल्या जाणाऱ्या 'किर्लोस्कर' मासिकात रूपांतर झाले. त्याच्या जोडीला १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' ही मासिके आली. माळावरच्या कारखान्यात ओतशाळेच्या जोडीने छापखाना चालतो आणि त्या छापखान्याला दर महिन्याला मजकूर लागतो, ही परिस्थिती लेखक घडवणारी होती.

याच संपादन विभागात काम करणारे नारायण धोंडदेव ताम्हनकर हे मराठी मुलांना 'गोट्या' आणि 'चिंगी' यांचे लेखक म्हणून माहीत आहेत. गोट्यापूर्वीच्या बालसाहित्यातील मुलगा पुष्कळदा सद्‌गुणांचा नमुना तरी असे किंवा दुर्गुणांची शिक्षा भोगणारा तरी. गोट्या खोड्या करतो, चुकतो, मोठ्यांच्या ढोंगाला आपल्या सरळपणाने उघडे पाडतो आणि तरीही वाचकाच्या प्रेमाला पात्र राहतो. या कल्पनेमागे 'किर्लोस्कर'चे वातावरण स्पष्ट दिसते, कारण बुद्धिवाद, स्वच्छ विनोद आणि उगाच उपदेश न करता सुधारणा सुचवण्याची रीत ही त्या मासिकाची ओळख होती व तीच रीत ताम्हनकरांनी मुलांच्या गोष्टीत आणली. संपादक आणि सहकारी यांच्या नित्याच्या सहवासाशिवाय हा सूर इतका सहज लागला असता असे मानणे कठीण आहे. पुढे १९९० च्या सुमारास दूरदर्शनवर 'गोट्या' ही मालिका आली आणि ज्यांनी पुस्तक पाहिलेही नव्हते अशा पिढीला तो मुलगा आपला वाटला, यावरून त्या घडणीचा टिकाऊपणा लक्षात येतो.

किर्लोस्करवाडीच्या पुढच्या पिढीत भास्कर रामचंद्र भागवत यांचे काम येते. १९१० साली इंदूरला जन्मलेल्या भागवतांचा कारखान्याशी संबंध नव्हता, परंतु लेखन आणि सोबत यांचा संबंध कसा असतो हे त्यांच्याकडे पाहून समजते. त्यांनी 'बालमित्र' हे मुलांचे मासिक चालवले, ज्यूल व्हर्नच्या विज्ञानकथा मराठीत आणल्या, पुस्तकांत रमणारा बिपिन बुकलवार निर्माण केला आणि त्यानंतर फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजेच फास्टर फेणे, उभा केला. त्यांच्या पत्नी लीलावती भागवत याही मुलांसाठी लिहीत आणि आकाशवाणीवरील त्यांच्या कामामुळे कानाला गोड लागणारी भाषा कोणती याची त्यांना जाण होती. एकाच घरात दोन बालसाहित्यिक असण्याचा हा योग मराठीत विरळा आहे. फास्टर फेणेच्या कल्पनेतील धाडस असे, की व्हर्नच्या जगप्रवासाचे वेड असलेल्या लेखकाने आपला नायक मात्र पुण्याजवळच्या एका खेड्यातून निवडला, त्याला सायकल दिली, जिभेने 'ट्टॉक' असा आवाज काढण्याची सवय दिली आणि साहस घडण्यासाठी समुद्र ओलांडावा लागत नाही हे मुलांना पटवून दिले. पुण्याच्या पूर्वेकडील फुरसुंगीला असा नायक लाभला. पश्चिमेकडील पिंपरी-चिंचवडला तो अद्याप लाभलेला नाही. मात्र या भागाला दुसऱ्या प्रकारचे श्रेय आहे.

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही स्वातंत्र्यापूर्वी शेती करणारी गावे होती. चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीमुळे आणि चापेकर बंधूंच्या जन्मामुळे नाव होते, जवळच्या देहूला तुकोबांमुळे अवघ्या महाराष्ट्राचे पाय लागत, आणि फाळणीनंतर पिंपरीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली होती. परंतु नगर म्हणावे असे काही नव्हते. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. त्यानंतर आकुर्डीत बजाज ऑटो आली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे ज्याला सर्वजण एमआयडीसी म्हणतात ते, अस्तित्वात आले आणि १९६६ साली टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनीने, म्हणजे टेल्कोने, येथे पाय रोवले. नगरपालिका १९७० साली आणि महानगरपालिका १९८२ साली झाली, म्हणजे शहराचा कारभार कारखान्यांच्या मागून आला.

टेल्कोच्या पुण्यातील प्रकल्पाची आखणी सुमंत मुळगावकर यांची. मालमोटारी बनवण्याआधी त्या बनवणारी यंत्रे, साचे आणि माणसे आपल्या हाताने घडवली पाहिजेत असा त्यांचा आग्रह असल्यामुळे, चिंचवड आणि पिंपरी येथे हत्यारे व यंत्रे बनवणारा विभाग आणि प्रशिक्षण केंद्र यांना फार महत्त्व मिळाले. उजाड जागेवर झाडे लावणे आणि पाणी साठवणे हाही त्यांच्या योजनेचा भाग होता. या धोरणाचा एक परिणाम साहित्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. देशाच्या निरनिराळ्या तंत्रशाळांतून नुकतेच बाहेर पडलेले तरुण पदवीधर शिकाऊ अभियंते म्हणून येथे येऊन राहू लागले. त्यांची मातृभाषा वेगळी, पगार बेताचा, सुटीचा दिवस मोकळा आणि मन वाचनाला भुकेले होते.

१९७४ साली या तरुणांत एका तरुणीची भर पडली आणि पिंपरीचे नाव भारतीय बालसाहित्याच्या इतिहासात आले. कर्नाटकातील शिग्गाव येथे जन्मलेल्या आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी यांनी, ज्या पुढे सुधा मूर्ती म्हणून प्रसिद्ध झाल्या, संस्थेच्या फलकावर टेल्कोची जाहिरात पाहिली. तिच्यात स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नये अशी सूचना होती. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड लिहून, ज्या टाटांनी देशात उद्योगाचा आणि विज्ञानशिक्षणाचा पाया घातला त्यांच्याच कंपनीने स्त्री-पुरुष भेद करावा याचे आश्चर्य व्यक्त केले. दहा दिवसांच्या आत तार आली आणि कंपनीच्या खर्चाने पिंपरीला मुलाखतीसाठी येण्याचे निमंत्रण मिळाले. या प्रसंगाचा जो तपशील सुधा मूर्ती यांनी स्वतः लिहून ठेवला आहे, त्यात वसतिगृहातील मैत्रिणींचा भाग विशेष वाचनीय आहे. फुकट पुण्याला जायला मिळते आहे तर तेथील साड्या स्वस्तात घेऊन ये, असे सांगून त्या मैत्रिणींनी प्रत्येकी तीस रुपये तिच्या हाती ठेवले. मुलाखतीला सहा जण बसले होते, प्रश्न तांत्रिक होते, आणि निवड होऊन कारखान्याच्या प्रत्यक्ष कामावर रुजू झालेल्या त्या टेल्कोच्या पहिल्या स्त्री-अभियंत्या ठरल्या. तिशीच्या आतील मुलीच्या आयुष्यातील इतक्या गंभीर क्षणी साड्यांचे तीस रुपये विसरायचे नाहीत, ही दृष्टी कथालेखकाची आहे. मुलांच्या गोष्टींत त्यांनी पुढे हाच गुण वापरला.

पिंपरीतील दिवसांत त्यांना मिळालेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पुस्तकांची देवघेव. टेल्कोतच प्रशिक्षण घेणारा एक मित्र त्यांना वाचायला पुस्तके देई आणि त्यांतील बहुतेक पुस्तकांवर नारायण मूर्ती हे नाव लिहिलेले असे. त्या वेळी पुण्यात संगणकाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या या पुस्तकमालकाची आणि त्यांची ओळख त्या मित्रामुळेच झाली, १९७८ साली त्यांचा विवाह झाला आणि १९८१ साली पुण्यात इन्फोसिस सुरू करताना सुधा मूर्ती यांनी आपल्या बचतीतून दहा हजार रुपये दिले. हा सारा वृत्तांत उद्योगाच्या इतिहासात पुन्हा पुन्हा सांगितला जातो. साहित्याच्या इतिहासाने मात्र त्याच्या आरंभाकडे अधिक लक्ष द्यायला हवे, कारण कारखान्यातून सुटल्यावर एकमेकांची पुस्तके वाचणारी ही मंडळी कोणतेही वाङ्मय मंडळ स्थापन न करता वाचनाची एक शाळाच चालवत होती.

असे असूनही सुधा मूर्ती यांच्या बालकथांची मुळे पिंपरीत शोधू नयेत. ती शिग्गावात आहेत. त्यांच्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हते आणि 'कर्मवीर' या कन्नड साप्ताहिकात क्रमशः येणारी त्रिवेणी यांची 'काशीयात्रे' ही कादंबरी नातच तिला वाचून दाखवत असे. एकदा नात आठवडाभर लग्नाला गेली, साप्ताहिकाचा अंक आला आणि हातात अंक असूनही आजीला त्यातील एक अक्षर कळेना. त्या असहायतेतून आजीने बासष्टाव्या वर्षी अक्षरे शिकण्याचा निश्चय केला, बारा वर्षांची नात तिची शिक्षिका झाली, दसऱ्याची मुदत ठरली आणि मुदतीत आजी वाचू लागली. तेव्हा नातीने तिला तीच कादंबरी भेट दिली आणि आजीने नातीला गुरू मानून वाकून नमस्कार केला. या आठवणीवर आधारलेली कथा आज देशभरातील मुलांच्या ओळखीची आहे. तिचे खरे सामर्थ्य असे, की तिच्यात वाचक आणि लेखक यांचे नाते मुलाच्या आवाक्यात येते: आजीला कादंबरीतील म्हातारीचे पुढे काय झाले हे हवे असते, आणि गोष्टीची ओढ एवढी एकच प्रेरणा साक्षरतेला पुरते.

सुधा मूर्ती यांच्या पुढच्या बालकथांची रचना याच अनुभवातून आलेली दिसते. 'ग्रँडमाज बॅग ऑफ स्टोरीज' या २०१२ सालच्या संग्रहात सुटीला शिग्गावला आलेली नातवंडे आजीभोवती बसतात आणि प्रत्येक गोष्ट कोणाच्या तरी प्रश्नातून, भांडणातून किंवा खाण्याच्या पदार्थातून निघते. याला कथाचौकट म्हणतात, म्हणजे गोष्टी सांगणाऱ्या माणसांचीच एक मोठी गोष्ट रचून तिच्या आत बाकीच्या गोष्टी बसवणे. 'पंचतंत्र' आणि 'वेताळपंचविशी' यांनी ही पद्धत भारतीय वाचकाच्या अंगवळणी पाडली आहे. समुद्र खारट कसा झाला, कांद्याला पापुद्रे कसे आले असे प्रश्न घेऊन त्यांनी स्वतंत्र पुस्तके लिहिली, तर गोपी या आपल्या कुत्र्याच्या तोंडून एक मालिका सांगितली. इंग्रजीत लिहिण्याकडे त्या वळल्या त्यामागेही एका पत्रकार-संपादकाचा, टी. जे. एस. जॉर्ज यांचा, आग्रह होता. त्यापूर्वी त्या कन्नडमध्ये लिहीत असत. साहित्य अकादमीचा २०२३ सालचा इंग्रजी बालसाहित्य पुरस्कार त्यांच्या 'ग्रँडपेरेंट्स बॅग ऑफ स्टोरीज' या पुढच्या संग्रहाला मिळाला. या कथांतील बोध काही वेळा फार लवकर समोर येतो हे खरे आहे आणि गोट्याच्या खोडकरपणाची सवय झालेल्या मराठी वाचकाला ते जाणवते. परंतु सांगण्याची लय, वाक्यांचा साधेपणा आणि म्हाताऱ्या माणसांना मुलांच्या बरोबरीने दिलेले स्थान या गोष्टी उसन्या आणता येत नाहीत.

या कथा मराठी मुलांपर्यंत पोहोचल्या त्या अनुवादकांमुळे, आणि येथे पुन्हा पुणे आणि कारखाना यांची गाठ पडते. सुधा मूर्ती यांच्या इंग्रजी पुस्तकांचे अनुवाद लीना सोहोनी यांनी केले. आजीच्या गोष्टी 'थैलीभर गोष्टी' या नावाने मराठीत आल्या. मोठ्यांसाठीच्या 'महाश्वेता' आणि 'डॉलर बहू' या कन्नड कादंबऱ्या उमा कुलकर्णी यांनी मराठीत आणल्या. उमा कुलकर्णी या बेळगावच्या आणि त्यांचे पती विरूपाक्ष कुलकर्णी हे खडकीतील संरक्षण खात्याच्या कारखान्यात नोकरीला होते. मराठीतील पुस्तके कन्नडमध्ये नेण्याचे काम पती करत आणि कन्नडमधील पुस्तके मराठीत आणण्याचे काम पत्नी. त्यांची कामाची पद्धत उमाताईंनी 'संवादु अनुवादु' या आत्मकथनात वर्णिली आहे. विरूपाक्ष कन्नड पुस्तक मोठ्याने वाचून ध्वनिफितीवर मुद्रित करत, आणि उमाताई ते घरकाम सांभाळून ऐकत व ऐकता ऐकता मराठीत लिहीत. एस. एल. भैरप्पा यांच्या 'वंशवृक्ष'च्या अनुवादासाठी त्यांना १९८९ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शिग्गावात नात आजीला कादंबरी वाचून दाखवत होती आणि पुण्यात नोकरीवरून परतलेला नवरा बायकोला कादंबरी वाचून दाखवत होता. कन्नड आणि मराठी यांच्या सीमेवरून वादविवाद होत राहिले त्याच काळात हे काम शांतपणे चालले होते. दोन भाषांतील साहित्यमैत्रीचा याहून सुंदर दाखला अलीकडच्या मराठीत क्वचितच सापडेल.

गेल्या तीस वर्षांत उद्योगांचा पट्टा भोसरीच्या पुढे, नाशिक रस्त्याने चाकणकडे सरकला. संग्रामदुर्गासाठी १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शायिस्ताखानाशी जेथे झुंज दिली, आणि पुढे कांद्याच्या बाजारासाठी जे गाव ओळखले गेले, त्याच्या भोवती बजाज, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, महिंद्र यांचे प्रकल्प उभे राहिले. या कारखान्यांत आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या शेकडो छोट्या कंपन्यांत मराठवाडा, विदर्भ, कर्नाटक, बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून आलेली माणसे काम करतात. पाळीनुसार बदलणारे वेळापत्रक, भाड्याची खोली, आई-वडील दोघेही कामावर आणि घरी एक व शाळेत दुसरी भाषा, असे बालपण येथे हजारो मुले जगत आहेत. जानेवारी २०१६ मध्ये पिंपरीत श्रीपाल सबनीस यांच्या अध्यक्षतेखाली ८९ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा या परिसरातील वाचकांची भूक दिसून आली. पण या मुलांचे बालपण अजून मराठी कथेत नीट उतरलेले नाही. सुधा मूर्ती यांच्या बालकथांतही मुले सुटीला गावाकडे जातात. पिंपरीत राहणारे मूल, पहिल्या पाळीच्या भोंग्याला उठणारे घर आणि कंपनीच्या बसची वाट पाहणारे वडील त्यांत क्वचितच भेटतात.

ही उणीव केवळ लेखकांच्या माथी मारणे योग्य नाही, कारण ताम्हनकरांना मासिक मिळाले ते नांगराच्या कारखान्याने काढले म्हणून, आणि सुधा मूर्ती यांना पुस्तके मिळाली ती एका शिकाऊ अभियंत्याने आपल्या मित्राकडून आणून दिली म्हणून. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेपुढील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करायची असते आणि शिक्षणाला चालना देणे हे त्या कार्यात मोडते. चाकण आणि पिंपरी-चिंचवडमधील कंपन्यांनी व कामगार संघटनांनी या रकमेतील लहानसा भाग कामगारवस्त्यांतील मुलांच्या फिरत्या वाचनालयासाठी आणि मुलांनी स्वतः लिहिलेल्या, मराठीसह त्यांच्या घरच्या भाषांना जागा देणाऱ्या एका मासिकासाठी ठेवावा. त्याचे संपादन याच पट्ट्यातील शिक्षक, लेखक आणि वाचनप्रिय कामगार यांच्या हाती सोपवावे. 'किर्लोस्कर खबर' निघाले तेव्हा त्या कारखान्याला माळावर येऊन अवघी दहा वर्षे झाली होती. पिंपरीतील उद्योगांना आता सत्तर वर्षे होऊन गेली आहेत.